रूट कॅनॉलमधली कागदाची वात

मामा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर होते, तीसेक वर्षं. डावीकडची खालची पहिली मोठी दाढ, दुसरी सिटिंग. भूल चढलेली, तोंड उघडं आणि नजर माझ्या हातावर. असे पेशंट मला आवडतात, पण त्यांच्यासमोर जरा जपून वागावं लागतं, कारण ते सगळं बघत असतात. असिस्टंटनं डबीतून एक बारीक पांढरी कागदाची काडी चिमट्यात धरून दिली. मी ती दाढेत घातली, चार-पाच सेकंद थांबलो, काढली, गॉझवर ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. सातव्या काडीला मामांनी हात वर केला आणि रबराच्या पडद्याआडून जमेल तेवढं बोलले, "ओ डॉक्टर, ही वात हाय की."

वातच. इतकी वर्षं मी लोकांना "टिपकागदासारखं असतं" असं सांगत आलो होतो आणि ते कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. समईतली वात तेल कशी वर ओढते ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. टिपकागद पाहिलेली पिढी आता साठीच्या पुढं गेली.

रूट कॅनॉल म्हटलं की लोकांना ड्रिलचा आवाज आठवतो. ड्रिलचं काम खरं तर थोडं असतं, दाढेच्या माथ्यावर वाट करून दिली की ते संपतं. नंतरचा बराचसा वेळ पाण्यासारख्या द्रवांचा असतो. ते आत सोडायचे, थोडा वेळ राहू द्यायचे, बाहेर काढायचे, पुन्हा सोडायचे. यातला "सोडायचे" हा भाग पेशंटला कळतो, कारण तोंडात काहीतरी सोडल्याचं जाणवतं. "काढायचे" या भागाबद्दल कुणी विचारत नाही. आम्ही डॉक्टर लोकही सांगत नाही. पण दाढ आज बंद करायची की अजून आठ दिवस थांबायचं, हे त्या काढण्यातूनच कळतं.

आधी जागा किती लहान आहे ते बघू. खालच्या पहिल्या मोठ्या दाढेला बहुधा दोन मुळं असतात. पुढच्या मुळात दोन नळ्या, मागच्या मुळात एक, कधी दोन. दाढेच्या माथ्यापासून मुळाच्या टोकापर्यंतची लांबी साधारण दोन सेंटीमीटर. नळी वर जरा रुंद असते आणि खाली निमुळती होत जाते. आम्ही फाइलनं, म्हणजे कानशीसारख्या खरखरीत बारीक सुईनं, घासून मोठी केल्यावरही टोकाला तिची रुंदी 0.25 ते 0.4 मिलिमीटरच्या आसपास असते. अशी एक अख्खी नळी भरायला ड्रॉपरचा एक थेंबसुद्धा जास्त होतो. त्यात ती सरळ नसते, वाकलेली असते. पुढच्या मुळातल्या दोन नळ्यांच्या मध्ये पुष्कळदा एक चपटी फट असते, दोन विहिरींना जोडणाऱ्या भुयारासारखी. आणि नळीच्या भिंतीत आरपार बारीक छिद्रं असतात, एका चौरस मिलिमीटरला हजारोंनी. जंतू त्यांच्यातही जाऊन बसतात.

लोक ज्याला "नस" म्हणतात ती या नळ्यांमध्ये असते. कीड आत पोचली की नस सुजते, मग मरते, सडते आणि जंतूंना आयतं घर मिळतं. दुखणं जंतूंमुळंच होतं हे 1965 साली अमेरिकेत उंदरांवरच्या एका प्रयोगातून स्पष्ट झालं. काही उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले होते. त्यांची दाढ कोरून नस उघडी ठेवली, तिच्यात अन्न अडकलं, तरी ती मेली नाही, उलट तिच्यावर नवं आवरण धरलं. साध्या उंदरांच्या नसा मात्र सडल्या. म्हणजे आमचं काम जंतू काढण्याचं आहे. फाइलनं घासणं हा त्याचा अर्धाच भाग. सूक्ष्म स्कॅन करून पाहिलं तेव्हा असं दिसलं की नळीच्या भिंतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग फाइलला शिवतच नाही. नळी असते लांबट-चपटी आणि फाइल गोल. कोपरे राहतात. तिथं फक्त द्रव पोचतो.

यातला मुख्य द्रव सोडियम हायपोक्लोराइट, आमच्या भाषेत "हायपो". घरातल्या कपडे पांढरे करणाऱ्या ब्लीचचाच तो भाऊ, फक्त ठरलेल्या ताकदीचा: अर्ध्या टक्क्यापासून सव्वापाच-सहा टक्क्यांपर्यंत. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या सडलेल्या जखमा धुण्यासाठी हेन्री डेकिन आणि अलेक्सी कॅरेल यांनी अर्ध्या टक्क्याचा हायपो वापरला, तिथून तो पुढं दातात आला. त्याची खासियत अशी, की तो जंतू मारतोच, शिवाय मेलेली नस विरघळवतो. ही दोन्ही कामं एकट्यानं करणारा दुसरा द्रव अजून मिळालेला नाही. एक अवगुण आहे: ऊन आणि उष्णता लागली की त्याचा जोर उतरतो. सोलापूरच्या मे महिन्यात बाटली खिडकीत राहिली तर तुम्ही दाढ नुसत्या खारट पाण्यानं धुताय असं समजा. आमच्याकडं ती काळी बाटली फ्रिजमध्ये, अगदी मागच्या बाजूला असते.

त्यानंतर ईडीटीए नावाचा दुसरा द्रव, सतरा टक्के, मिनिटभर. फाइल घासल्यावर भिंतीवर दाताच्या भुश्श्याचा एक थर बसतो आणि ती बारीक छिद्रं बुजतात. ईडीटीए त्यातलं कॅल्शियम धरून थर सोडवतो. काही जण शेवटी क्लोरहेक्झिडीन हे जंतुनाशक वापरतात. इथं काढण्याचं पहिलं महत्त्व कळतं. हायपो आत असताना वरून क्लोरहेक्झिडीन सोडलं तर दोघं मिळून विटकरी-तपकिरी रंगाचा गाळ तयार होतो आणि तो त्या छिद्रांच्या तोंडावर जाऊन बसतो. इतका वेळ उघडलेली छिद्रं पुन्हा बंद. म्हणून एक द्रव पूर्ण काढायचा, मध्ये सलाईननं धुवायचं, टिपून घ्यायचं, मगच दुसरा. ज्यांना स्वयंपाकघरात कढईत तेल तापलेलं असताना पाण्याचा हात लावायचा नाही हे माहीत आहे, त्यांना या शिस्तीचं वेगळं काही सांगावं लागत नाही.

आता काढायचं कसं?

सोलापुरात पाण्याची गोष्ट काढली की कुणालाही समजतं. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून घराघरात अंगणाखाली हौद. वर्षातून एकदा तो धुवायचा असतो. आधी मोटर लावायची. फूटव्हॉल्व्ह उघडा पडला की मोटर हवा ओढायला लागते, आवाज बदलतो, बंद करायची. तळाला चार बोटं पाणी राहतंच. घरातल्या बारक्या पोराला खाली उतरवून ते मगानं काढायचं. मग एक वेळ अशी येते की मग फरशीला नुसता खरडतो आणि आत काही येत नाही. तेव्हा फडका. फडक्यानं टिपायचं, पिळायचं, परत टिपायचं. कोपऱ्यातलं पाणी तर फडक्याच्या चिमटीनंच निघतं.

दाढेतही हेच. असिस्टंटच्या हातातली सक्शनची जाड नळी ही मोटर: दाढेच्या माथ्याच्या पोकळीत साचलेलं सगळं ती ओढून घेते, पण बारीक नळ्यांत तिचा जीव पोचत नाही. मग सुई. 30 गेजची, म्हणजे बाहेरून साधारण 0.3 मिलिमीटर जाडीची. तिचं टोक बंद असतं आणि छिद्र बाजूला, म्हणजे द्रव सरळ मुळाच्या टोकावर आदळत नाही. हीच सुई उलटी वापरून, पिचकारीचा दांडा मागं ओढून, बराचसा द्रव परत काढता येतो. आणि शेवटी कागद.

मध्येच एक गंमत. पुष्कळ जणांना वाटतं की वरच्या दाढेचं काम सोपं, पाणी आपोआप खाली गळून पडेल. पडत नाही. अर्ध्या मिलिमीटर रुंदीची काचेची नळी पाण्यात उभी धरली तर पाणी तिच्यात आपणहून जवळपास सहा सेंटीमीटर चढतं. भिंत पाण्याला धरून ठेवते, आणि नळी जितकी बारीक तितकी पकड जास्त. दाताची नळी तर दोनच सेंटीमीटर लांब. म्हणजे तुम्ही डोकं खाली, पाय वर केलेत तरी तिच्यातला द्रव जागचा हलणार नाही. त्याला बाहेर काढायला भिंतीपेक्षा जास्त जोरानं धरणारं काहीतरी लागतं.

आत सोडतानाही ही पकड आडवी येते. बारीक तोंडाच्या बाटलीत वरून पाणी ओतलं की आतली हवा अडते, बुडबूड होते. दाताची नळी तर खालून बंद असल्यासारखीच, कारण मुळाभोवती हाड आहे. मग शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये हवेचा बुडबुडा अडकून बसतो आणि द्रव तिथं पोचतच नाही. वरून कितीही ओता. त्यात हायपो मेलेली नस विरघळवताना आणखी वायू सुटतो. डॉक्टर फाइल किंवा रबरासारखी एक काडी नळीत वर-खाली हलवत बसलेला दिसला तर तो टाइमपास करत नाही, तो बुडबुडा फोडतोय. अल्ट्रासोनिकची बारीक टोकं हेच काम कंपनानं करतात.

मग जोरात ढकललं तर? नको. सुई नळीत अडकलेली असताना दांडा जोरात दाबला तर हायपो मुळाच्या टोकातून पलीकडं जाऊ शकतो. मेलेली नस विरघळवणारा द्रव जिवंत मांसाला सोडत नाही. क्षणात असह्य कळ येते, गाल सुजतो, काळानिळा पडतो, नळीतून रक्त येतं. वरच्या दाढांच्या मुळांवर सायनसची पोकळी असते, तिकडं गेला तर घशात क्लोरीनची चव उतरते. हे क्वचित घडतं, पण घडतं. म्हणून सुई टोकापासून दोन मिलिमीटर अलीकडं, सैल, सतत वर-खाली हलती, आणि अंगठ्याऐवजी तर्जनीनं दांडा दाबायचा. अंगठ्यात जोर फार असतो.

या अडचणीवर कुणीतरी उलट्या डोक्यानं विचार केला. द्रव खाली ढकलण्याऐवजी खालून ओढला तर? एंडोव्हॅक नावाचं उपकरण असंच चालतं. हायपो वर, दाढेच्या माथ्याच्या पोकळीत सोडत राहायचा, आणि सक्शनला जोडलेली एक अतिबारीक नळी, 0.32 मिलिमीटर जाडीची, मुळाच्या टोकापर्यंत उतरवायची. तिच्या शेवटच्या भागात बारा छिद्रं असतात, प्रत्येक एक दशांश मिलिमीटरचं. ओढ खाली असल्यामुळं द्रव आपणहून टोकापर्यंत येतो, बुडबुडाही ओढला जातो आणि पलीकडं जायचा धोका फार कमी होतो. विहिरीत मोटर वर ठेवण्यापेक्षा पाणबुडी पंप तळाला सोडावा, तशी ही कल्पना. मला ती फार आवडते. पण छिद्रं इतकी बारीक की भुश्श्यानं तुंबतात, आणि नळी पुरेशी रुंद केल्याशिवाय ते टोक खाली जात नाही. फार वाकड्या मुळात मी अजूनही सुई आणि धीर यांच्यावरच काम भागवतो.

आता वातीकडं.

या काडीला आम्ही पेपर पॉइंट म्हणतो. शुद्ध कागद, गुंडाळून सुईसारखा टोकदार केलेला, निर्जंतुक. फाइलला जसे नंबर आणि रंग असतात तसेच हिलाही: पिवळी 20, लाल 25, निळी 30, हिरवी 35, काळी 40. नंबर म्हणजे टोकाची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. निळ्या फाइलनं शेवट केला असेल तर निळाच कागद. तो भिंतीला सगळीकडून टेकतो आणि पाण्याला दातापेक्षा कागदाच्या तंतूंमधली जागा जास्त अरुंद, म्हणून जास्त ओढीची मिळते. ते तिकडं चढतं. टेरी टॉवेलवर सुताचे लूप असतात तेही याचसाठी, पाण्याला धरायला जागा वाढवायची. मामांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, नवा टॉवेल पहिल्यांदा पाणी पीत नाही, एक धुणं झाल्यावर पितो. कारखान्यातून येताना सुतावर जे काही लागलेलं असतं ते धुऊन गेल्याशिवाय तंतू मोकळे होत नाहीत. अगदी बरोबर. पेपर पॉइंटला म्हणूनच वरून कसलाही लेप नको असतो.

फुंकर का मारत नाही, असं एका अक्कांनी विचारलं होतं. तुमच्या त्या हवेच्या पिचकारीनं एका मिनिटात वाळेल की ओ. वाळेल. पण दाबाची हवा मुळाच्या टोकातून पलीकडं, कातडीखाली शिरू शकते. गाल फुग्यासारखा फुगतो आणि दाबलं तर आत कुरकुर वाजतं. दाढेच्या माथ्यावर हवा मारतात ती वेगळी गोष्ट, उघड्या नळीत सरळ कधीच नाही.

कागद किती खोल जायचा तेही मोजलेलं असतं. नळीची लांबी आधी एपेक्स लोकेटर नावाच्या यंत्रानं आणि एक्स-रेनं ठरवलेली असते, मुळाच्या टोकाच्या अर्धा-एक मिलिमीटर अलीकडं. चिमट्यानं कागद तेवढ्याच लांबीवर धरायचा. पलीकडं ढकलला तर हाडातलं रक्त तो पिऊन येतो आणि तुम्ही उगाच घाबरता. त्याहून वाईट म्हणजे कागदाचा तुकडा पलीकडं राहिला तर. माणसाचं शरीर कागद पचवू शकत नाही. गाय पचवते, तिच्या पोटातल्या जंतूंच्या जिवावर. आपल्या हाडात तो वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि मुळाच्या टोकाशी झालेली गाठ बरी होऊ देत नाही.

आणि आता जे मला सांगायचं होतं ते. हा कागद पुसायला असतो हे अर्धं खरं. बाहेर आल्यावर तो बघायचा असतो.

पहिला कागद पूर्ण भिजलेला येतो, त्यात काही विशेष नाही, आपणच सोडलेलं पाणी आहे. दुसरा अर्धा. तिसरा-चौथा जवळपास कोरडा. इथवर सगळं ठीक. पण समजा सहावा, सातवा, आठवाही वरून कोरडा आणि फक्त टोकाचे दोन मिलिमीटर ओले. म्हणजे पाणी आपलं नाही. ते खालून, मुळाच्या पलीकडून येतंय. हौद रिकामा केल्यावर तळाच्या भेगेतून झिरपतं तसं. याला आम्ही "रडणारी नळी" म्हणतो. मुळाच्या टोकाशी सूज अजून जिवंत आहे, तिथला पाझर आत येतोय. पाझर पिवळट असेल, वास येत असेल, तर पू.

टोक लाल असेल तर दोन शक्यता: एक तर लांबी चुकली, आपण पलीकडं जातोय, किंवा नसेचा तुकडा अजून आत आहे. आणि टोक स्वच्छ पण कडेला, मध्येच कुठंतरी लाल डाग, तर मी खुर्चीत सरळ बसतो. मुळाच्या बाजूला भोक पडलंय का, भिंत फार पातळ झालीय का, ते बघावं लागतं. डाग टोकापासून किती मिलिमीटरवर आहे हे मोजलं की भोक कुठं आहे तेही कळतं. एक्स-रेत न दिसणारी गोष्ट एक साधा कागद दाखवतो.

एक युक्ती मला शिकताना एका सरांनी दाखवली होती, ती अजून वापरतो. पुढच्या मुळातल्या दोन नळ्या. एक पूर्ण कोरडी करायची, तिच्यात कागद ठेवून द्यायचा. मग शेजारच्या नळीत हळूच द्रव सोडायचा. पहिल्या नळीतला कागद भिजला, तर दोन्ही आतून जोडलेल्या आहेत. भुयार सापडलं. मग ते भुयारही धुवायचं असतं हे कळतं. नळ्या वेगळ्या समजून एकच धुतली असती तर मधली घाण तशीच राहिली असती.

कागद ओला येण्याचं अगदी साधं कारणही असतं: लाळ. म्हणून तो रबराचा पडदा, रबर डॅम. 1864 पासून तो वापरात आहे, अमेरिकेतल्या सॅनफोर्ड बार्नम या दंतवैद्यानं काढला. पेशंटला त्याचा वैताग येतो, गुदमरल्यासारखं वाटतं म्हणतात. पण लाळेच्या एका थेंबात असंख्य जंतू. तासभर धुतलेल्या नळीत तो थेंब गेला तर तासाचं काम गेलं. शिवाय हायपो घशात जात नाही आणि बारीक फाइल हातातून सुटलीच तर पोटात जात नाही. मी पडद्याशिवाय रूट कॅनॉल करत नाही. दोन पेशंट त्यावरून दुसरीकडं गेले, जाऊ देत.

टोक ओलं येत राहिलं तर काय करतात? नळीत कॅल्शियम हायड्रॉक्साइडची लापशी भरतात, वर तात्पुरतं सिमेंट, आणि आठ-पंधरा दिवसांनी बोलावतात. ही लापशी म्हणजे ढोबळमानानं पानाला लावायचा चुनाच. क्षार इतका तीव्र, पीएच साडेबाराच्या आसपास, की तिच्यात फारसे जंतू टिकत नाहीत. पाझर आटतो. पुढच्या वेळी ती लापशीही धुऊन काढावी लागते, पुन्हा तेच सगळं, पुन्हा कागद.

आणि इथंच लोक नाराज होतात. "मागच्या वेळी संपणार म्हणाला होतात की." मला कळतं. करमाळ्याहून, मंगळवेढ्याहून एसटीनं यायचं, दिवस मोडायचा, रोजगार बुडवायचा. पैशासाठी फेऱ्या मारायला लावतो असं कुणी तोंडावर म्हणत नाही, पण चेहऱ्यावर दिसतं. एकदा मी त्या चेहऱ्याला बळी पडलो. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं, गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. एक आजी खेड्यातून आल्या होत्या, संध्याकाळची गाडी गाठायची होती, नातू बाहेर दर दहा मिनिटांनी दार उघडून बघत होता. कागदाचं टोक ओलं येत होतं. आठ-नऊ कागद झाले. दहावा मी जास्त वेळ ठेवला, काढला, "कोरडा आहे" असं स्वतःला सांगितलं आणि भरून टाकलं. चौथ्या दिवशी आजी परत आल्या तेव्हा एका बाजूचा डोळा सुजेनं अर्धा मिटला होता. भरलेलं सगळं उकरून काढायला मला पाऊण तास लागला आणि आत काय होतं ते सांगायची गरज नाही. कागदानं दहा वेळा सांगितलं होतं.

भरायचं म्हणजे काय, तेही जाता जाता. गटापर्चा नावाचा झाडाच्या चिकापासून बनलेला रबरासारखा पदार्थ, त्याच्या काड्या, आणि त्यांच्याभोवती सीलर नावाचं पातळ सिमेंट. सीलरनं भिंतीच्या छिद्रांत शिरून पक्कं धरायचं असतं. भिंतीवर पाण्याचा थर असेल तर ते धरत नाही, ओल्या भिंतीला रंगाचा पोपडा सुटतो तसं होतं. आणि राहिलेल्या फटीत पाणी म्हणजे जंतूंना तळं.

मग जितकं कोरडं तितकं चांगलं का? इथं जरा गुंता आहे. एपॉक्सी रेझिनचे सीलर असतात त्यांना कोरडं लागतं. काही जण त्यासाठी शेवटी अल्कोहोलनं धुतात, ते उडून जाताना पाणीही नेतं. पण अलीकडं बायोसिरॅमिक नावाचे सीलर आलेत, कॅल्शियम सिलिकेटचे. घर बांधायच्या सिमेंटच्या नात्यातलेच. स्लॅब टाकल्यावर त्यावर दिवसेंदिवस पाणी का मारतात? सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. हे सीलरही तसेच. दाताच्या छिद्रांत मुळातच जी ओल असते ती पिऊन ते बसतात. त्यांच्या आधी अल्कोहोलनं नळी ठणठणीत केली तर उलटं नुकसान. म्हणजे साचलेलं पाणी एक थेंबही नको, पण भिंतीच्या अंगातली ओल राहू द्यायची. शेवटचा कागद टोकापर्यंत कोरडा आला की थांबायचं, त्यापुढं आणखी चार कागद घालत बसायचं नाही.

तुमच्या दाढेचं काम चाललं असेल तर तुमच्याकडून इतकंच. घशात ब्लीचची चव आली किंवा एकदम कळ आली तर हात वर करा, सहन करत बसू नका. तात्पुरतं सिमेंट पडलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लाळ आत जातेय. आणि कॅप बसेपर्यंत त्या बाजूनं कडक भाकरी नको. नस काढलेली दाढ पोकळ झालेली असते, फुटते. सोलापुरात कडक भाकरी नको म्हणणं अवघड आहे, मला माहीत आहे. शेंगाचटणी चालेल, पण मऊ भाकरीबरोबर.

मामांच्या पुढच्या मुळातल्या दोन्ही नळ्या त्या दिवशीच कोरड्या झाल्या होत्या. मागची रडत होती. सातवा कागद त्यांनी "वात" म्हणून ओळखला तो तिचाच, टोकाला गव्हाच्या दाण्याएवढी ओल. लापशी भरून पाठवलं, बारा दिवसांनी बोलावलं. कुरकुर केली नाही. ओली वात घेऊन दिवा लावत नाहीत, असं उलट मलाच सांगून गेले.

तिसऱ्या सिटिंगला त्यांनी एक न वापरलेला कागद मागितला. दिला. खुर्चीच्या शेजारी चूळ भरायचा ग्लास असतो, त्यात टोक बुडवून ते बघत बसले, पाणी कागदात कुठवर चढतंय ते. मी तोवर नळ्या धुतल्या, ओढून घेतलं, टिपलं. मागच्या नळीतला चौथा कागद काढला आणि नेहमीसारखा गॉझवर न ठेवता त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी टोकाकडं निरखून पाहिलं, मग हातातल्या ओल्या कागदाकडं, मग परत त्याकडं. मान हलवली. मी असिस्टंटकडं सीलर मागितला.